मास्टरमोशायांचा चेहरा दाखवा

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कोलकात्यात यंत्रांना सुट्टी असते. छापखान्यातलं यंत्र, टॅक्सी, रिक्षा, शिवणाचं मशीन, सगळ्यांना पुसून हार घालतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत आमची छोटीशी कंपनी होती. तिचे मालक घोषबाबू. मी नोकरीला लागले त्याच वर्षी त्यांच्या मनात आलं, की आपल्या सर्व्हरलाही सुट्टी द्यावी. मी नवीन होते, पण गप्प बसणारी नव्हते. म्हटलं, "घोषबाबू, हा बंद केला तर सगळ्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बंद पडतील." ते कळवळून म्हणाले, "पण पूजेच्या दिवशी राबवायचं त्याला?" शेवटी तोडगा निघाला. सर्व्हर चालू राहील, मात्र आम्ही कुणी त्याला नवीन काम सांगायचं नाही. हार घातला, झेंडूच्या पाकळ्या त्याच्या पंख्यात गेल्या, आणि अख्खी दुपार मी चिमट्याने पाकळ्या काढत बसले.

हे सांगायचं कारण म्हणजे मी आयुष्यभर नेमकं काय केलं, हे माझ्या पुण्याच्या मावसबहिणीला अजून उमगलेलं नाही. ती लोकांना सांगते, "आमची शुभांगी कलकत्त्याला कॉम्प्युटरमध्ये असते." जणू मी त्या डब्यातच बिऱ्हाड केलंय. तर ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. वेबसाइट हवेत तरंगत नसते. ती कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी यंत्रात ठेवलेली असते. तुम्ही मोबाइलवर तिचा पत्ता टाकलात की ते यंत्र ती काढून तुमच्यापुढे ठेवतं. त्या यंत्राला म्हणायचं सर्व्हर. त्याला सतत चालू ठेवायचं, थंड ठेवायचं, चोरांपासून सांभाळायचं आणि काही बिघडलं तर गिऱ्हाइकाचा फोन यायच्या आत ठीकठाक करायचं, हे माझं काम. सगळं सुरळीत चाललं की तुमची कुणाला आठवणही होत नाही, असा हा धंदा आहे. मला तो मनापासून आवडला.

त्या काळी गिऱ्हाइकं आपली वेबसाइट बघायला चक्क आमच्या खोलीवर यायची. गरियाहाटचे एक साडीवाले दत्तबाबू तर पाव्हण्यारावळ्यांना घेऊन यायचे. "यातली आमची कुठली?" असं विचारायचे. मी एका हिरव्या दिव्याकडे बोट दाखवायची आणि मंडळी धन्य होऊन संदेशाची मिठाई खात परत जायची. सगळ्याच गिऱ्हाइकांना मी तोच दिवा दाखवायची, ही गोष्ट वेगळी.

अशाच एका विश्वकर्मा पूजेला मास्टरमोशाय आले. मास्टरमोशाय म्हणजे बंगालीत मास्तर, आदराने. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी टॉलीगंजला दोन खोल्यांत अंध मुलांसाठी बोलकं ग्रंथालय काढलं. हौशी माणसं येऊन अभ्यासाची पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि त्याचं ध्वनिमुद्रण व्हायचं. आधी कॅसेटी होत्या. मग ते सगळं मी वेबसाइटवर चढवलं, म्हणजे सुंदरबनातल्या पोरालाही घरबसल्या ऐकता यावं. मास्टरमोशायांबरोबर तापस होता, त्यांचा विद्यार्थी, तोही अंध. ग्रंथालयाची सगळी व्यवस्था तोच बघायचा, आणि भांडणात मला तोडीस तोड होता.

"शुभा, आवाज कुठे ठेवलेत ते मला हाताने बघू दे," मास्टरमोशाय म्हणाले. मी त्यांचा हात धरून सर्व्हरच्या पाठीवर ठेवला. त्यांनी तळवा सगळीकडे फिरवून बघितला. मग खूश होऊन म्हणाले, "गरम आहे. म्हणजे कुणीतरी आत्ता अभ्यास करतंय."

पुढे घोषबाबूंना ती खोली झेपेना. भाडं, एसी, जनरेटर, आणि जराशा पावसाने गल्लीत साचणारं पाणी. सगळ्या जगाप्रमाणे आम्हीही क्लाउडवर गेलो. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. एखादी बलाढ्य कंपनी हजारो सर्व्हरचं प्रचंड कोठार बांधते आणि त्यातला कोपरा तुम्हाला भाड्याने देते. ते कोठार कुठल्या गावी आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं, ठाऊक असलं तरी आत जाता येत नाही. मी क्लाउडची वैरी नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या खोलीपेक्षा ती कोठारं शतपटीने चांगली चालतात. मी स्वतः कंपनी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं ते त्यांच्याच जोरावर. पण मास्टरमोशायांनी विचारलं, "आता हात कुठे लावायचा गं?" मी म्हटलं, "हात लावायची गरजच नाही आता. फार मोठी माणसं आहेत ती." ते हसले. "मोठ्या माणसांच्या घरी आपल्याला दारातच उभं राहावं लागतं, शुभा."

माझे बाबा खिदिरपूरच्या गोदीत शेडवर अधिकारी होते. त्यांची बदली झाली म्हणून आईबाबा इथे आले, आणि मी तर इथेच जन्मले. व्यापाऱ्यांचा बोटीवरून उतरलेला माल त्यांच्या शेडमध्ये पडलेला असायचा. बाबा प्रत्येक व्यापाऱ्याला बजावायचे, "अधूनमधून येत जा, एखादी पेटी उघडून बघत जा. माल तुमचा असला तरी कुलूप पोर्टाचं आहे." लहानपणी बाबांचा डबा घेऊन गेले असताना मी एक माणूस पाहिला होता. त्याच्या गासड्या समोर दिसत होत्या, कुठल्यातरी कागदावर काहीतरी अडलं होतं, आणि तो आपल्याच मालापुढे परक्यासारखा उभा होता. बाबा त्याला हात जोडून म्हणत होते, "माझ्या हातात नाही हो." घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

म्हणून क्लाउडवर जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी दोन गोष्टी सांगायची. खातं कुणा एका माणसाच्या नावावर ठेवू नका. आणि सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा, आणि ती अधूनमधून उघडून बघा. सगळे माना डोलवायचे. ग्रंथालयाने तर दुसरी प्रतही ठेवली होती, पण त्याच क्लाउड कंपनीकडे, त्याच खात्यात. एक बटण दाबलं की काम होत होतं ना! आणि खातं मास्टरमोशायांच्या नावावर. ग्रंथालयातलं सगळंच त्यांच्या नावावर होतं, विजेचा मीटरसुद्धा.

मग मास्टरमोशाय गेले. वय झालं होतं, शांतपणे गेले. त्यांचा मोबाइल नंबर काही दिवसांनी बंद झाला. मी तापसच्या मागे लागले, "खात्यावरचं नाव बदलू या. दुसरी प्रत बाहेर काढू या." तापस म्हणाला, "पूजोर पोरे, शुभादी." पूजोर पोरे म्हणजे दुर्गापूजेनंतर. कोलकात्यात सगळी कामं पूजेनंतर होतात. रंगकाम, लग्नाची बोलणी, दातांचा इलाज, सगळं. पूजा झाली की कालीपूजा येते, मग थंडीतल्या जत्रा, मग सरस्वती पूजा. मी पुन्हा चिडून विचारलं तेव्हा तो खरं बोलला. "त्यांचं नाव पुसायला माझा हात धजत नाही. तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडाने पुसू?" वडिलांच्या कोटाच्या खिशातला रुमाल मीही अजून काढलेला नाही.

परीक्षा जवळ आल्या तशी गावोगावची मुलं एकदम वेबसाइटवर तुटून पडली. दरवर्षीच पडतात. पण त्या वर्षी कंपनीच्या यंत्राला संशय आला, की कुणी चोर हे सगळं उपसून नेतोय. यंत्राने खातं बंद केलं. वेबसाइट गेली, तिच्याबरोबर दुसरी प्रतही गेली. मी धावत टॉलीगंजला पोचले तेव्हा तापसचा फोन आपल्या निर्विकार आवाजात कंपनीचा निरोप वाचून दाखवत होता. खातेदाराने कॅमेऱ्यासमोर बसावं. डोळे उघडे ठेवावेत. कॅमेऱ्याकडे बघावं. मान डावीकडे वळवावी, उजवीकडे वळवावी.

ज्या माणसाने लहानपणानंतर कशाकडेही बघितलं नाही, आणि जो आता या जगातच नाही, त्याचा चेहरा त्यांना हवा होता. तापस एवढंच म्हणाला, "सांगा त्यांना, नीमतल्ल्याच्या स्मशानघाटावर जाऊन बघा म्हणावं."

मी कंपनीशी झुंजायला लागले. फोन नंबर कुठेच नव्हता. गप्पा मारायची एक चौकट होती आणि तिच्यात एक अतिशय सभ्य यंत्र बसलेलं होतं. मी लिहिलं, खातेदार वारले. ते म्हणालं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, खातेदाराने स्वतः विनंती करावी. मृत्यूचा दाखला पाठवला. तपासणी चालू आहे, असं उत्तर आलं, आणि ते चालूच राहिलं. कोलकात्यातल्या ओळखीपाळखी काढल्या, पण ओळखीचा माणूसही शेवटी त्याच चौकटीत लिहीत होता. एकदाच त्यांच्याकडून एका हाडामांसाच्या मुलीचा फोन आला. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मला समोर सगळं दिसतंय. पण उघडायचं बटण माझ्याकडे नाही." तिच्यावर काय रागावणार? मला हात जोडून उभे असलेले बाबा दिसले.

त्याच सुमारास रुक्साना आली. बजबजची मुलगी. तिचे वडील तिथल्या तागाच्या गिरणीत होते. रोज लोकलने टॉलीगंजला यायची, हातात पांढरी काठी आणि पाठीवर जड पिशवी. बी.ए.ला इतिहास. आदल्या खेपेला ऐनवेळी तिचा लेखनिक, म्हणजे तिच्यासाठी पेपर लिहून देणारा, आलाच नव्हता आणि ती नापास झाली होती. नियमाप्रमाणे ही तिची शेवटची संधी होती.

"शुभादी, लायब्ररी कधी उघडेल?"

"सांगता येत नाही गं."

"म्हणजे परीक्षेच्या आत?"

"तेही सांगता येत नाही."

ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली. "मग तुम्ही सगळे इथे बसून त्या यंत्राची वाट का बघताय? परीक्षा काय वाट बघणार आहे?" तापस तिला गप्प करायला गेला, पण मला ते लागलं. इतके दिवस मी कंपनीचं दार ठोठावत होते, आणि दार उघडलं नाही तर काय, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी ठरवलं, आता त्या दाराकडे बघायचंच नाही. या पोरीचा इतिहास परीक्षेआधी तिच्या कानात पडला पाहिजे, मग तो कुठूनही येवो.

"तू आतापर्यंत ऐकत कशी होतीस? बजबजला नेटवर्क असतं का?"

"कुठलं नेटवर्क! इथे आले की फोनच्या कार्डात भरून घ्यायची आणि घरी जाऊन ऐकायची."

तिने फोन पुढे केला. त्यातल्या नखाएवढ्या कार्डात निम्मा इतिहास होता.

"असं अजून कोण कोण करतं?"

ती आश्चर्याने म्हणाली, "सगळेच करतात, शुभादी. लांब राहणारे सगळेच."

आम्ही ढगांकडे बघत होतो आणि ग्रंथालय या मुलांच्या खिशात होतं.

तापसने फोन लावायला सुरुवात केली आणि तो थांबेचना. बारासतहून, कॅनिंगहून, हावड्याच्या पलीकडून मुलं आली, जुने विद्यार्थी आले, आता शिक्षक झालेले, टेलिफोन खात्यात लागलेले. दाराशी काठ्यांचा ढीग लागला. काकद्वीपहून एकाने मुरमुऱ्याच्या पुडीत कार्ड घालून टपालाने पाठवलं. मी माझा जुना कॉम्प्युटर तिथे मांडला आणि एकेक कार्ड त्यात उतरवून घेतलं. कुणाच्या कार्डात भूगोलाबरोबर बहिणीच्या लग्नाची सनई, कुणाच्यात राज्यशास्त्राला चिकटून फुटबॉलचं समालोचन. नावं वाट्टेल ती दिलेली. एकाने संस्कृतच्या पुस्तकाचं नाव 'डोकेदुखी' ठेवलं होतं. म्हणून प्रत्येक तुकड्याची सुरुवात ऐकून तो ओळखावा लागे, आणि ते काम तापस आणि मुलं माझ्यापेक्षा कितीतरी चटकन करत.

प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव मास्टरमोशाय स्वतः सांगत असत आणि मग म्हणत, "नीट बसा. सुरू करू या." पहिल्या कार्डातून तो आवाज आला तेव्हा खोलीतली मुलं आपोआप नीट बसली. तापस उठून खिडकीशी गेला. मी तर सरळ रडले. मी भावुक बाई नाही, पण तो आवाज आता कायमचा कुणाच्या तरी कुलपात गेला असं मी मनात धरून बसले होते.

सगळं मिळालं नाही. रुक्सानाच्या इतिहासातली काही प्रकरणं कुणाच्याच कार्डात नव्हती. तापसने वाचकांना बोलावलं, प्रकरणं वाटून दिली, आणि शेजारच्या खोलीत गाद्या भिंतीला टेकवून पुन्हा वाचन सुरू झालं. एक प्रकरण उरलं. वाचणाऱ्या बाईंचा घसा बसला होता आणि बाकीचे आपापल्या कामात होते.

"शुभादी, हे तुम्हीच वाचा," तापस म्हणाला.

आता यातली मेख सांगायला हवी. खूप वर्षांपूर्वी मी हौसेने वाचक व्हायला गेले होते. मास्टरमोशायांनी माझं एक पान ऐकून घेतलं आणि प्रेमाने म्हणाले, "शुभा, तू वेबसाइटच सांभाळ." मी इथे जन्मले, बंगालीत भांडते, स्वप्नंसुद्धा बंगालीत बघते, पण माझ्या उच्चारातून मराठी काही जात नाही.

"कुठलं प्रकरण?" मी विचारलं.

तापसने मला खुर्ची ओढून दिली. रुक्सानाने फिसकन हसून सांगितलं, "बर्गींचं."

बर्गी म्हणजे आपणच. अठराव्या शतकात मराठी घोडेस्वार बंगालवर चालून आले, वर्षानुवर्षं येत राहिले, गावं जाळली, लूट केली. इथल्या आया अजूनही पोरांना बर्गीची भीती घालून झोपवतात. शाळेत माझ्या बाकावरच्या मुली मधल्या सुट्टीत डबे लपवायच्या आणि ओरडायच्या, "बर्गी आली!" मी घरी येऊन बाबांना विचारलं होतं, "आपण खरंच असं केलं का?" त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "केलं. आता तू इथली आहेस, नीट वाग."

मी वाचायला बसले. पुस्तकात सौम्य काही नव्हतं आणि मीही काही सौम्य केलं नाही. पळून नदीपार गेलेली माणसं, ओसाड पडलेले माग, जळलेली कोठारं. एका ठिकाणी मी थांबले. भिंतीपाशी बसलेली रुक्साना म्हणाली, "थांबू नका शुभादी. मोठा प्रश्न येतो यावर."

मी घोटभर पाणी प्यायले आणि शेवटपर्यंत वाचलं.

आणि मोठा प्रश्न त्यावरच आला. परीक्षेहून ती थेट टॉलीगंजला आली आणि दारातूनच म्हणाली, "उत्तर सांगताना तुमचेच उच्चार तोंडात येत होते. लेखनिक म्हणाला, तू बंगालीच ना?" ती पास झाली. बर्‍या गुणांनी झाली. आता शिक्षिकेचं प्रशिक्षण घेते आहे.

खातं उघडलं, पण निकाल लागून गेल्यावर. ना खुलासा, ना माफी. मास्टरमोशायांच्या नावाने एक निरोप आला, की आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभारी आहोत. तापस म्हणाला, "संयम आहे बाबा त्यांच्याकडे. आता तर भरपूर आहे."

ग्रंथालयाची वेबसाइट आजही क्लाउडवरच आहे. पोरांना जिथून हवं तिथून ऐकायचं तर दुसरा मार्ग नाही, आणि कंपनीवर रुसून आम्ही कुणाचं भलं करणार होतो? पण खातं आता संस्थेच्या नावावर आहे आणि किल्ल्या तिघांकडे. सगळ्याची एक प्रत टॉलीगंजला एका छोट्या सर्व्हरच्या डब्यात आहे आणि एक बजबजला रुक्सानाच्या घरी, तांदळाच्या पिंपावरच्या फळीवर. दर महिन्याला ती त्यातलं एखादं पुस्तक लावून ऐकते आणि मला फोन करते, "आहे." मी निवृत्त झाले आहे असं सगळे म्हणतात, पण तो फोन आल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि ग्रंथालयात 'पूजोर पोरे' म्हणायला बंदी आहे. म्हणणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. तापसने आतापर्यंत पुष्कळ चहा पाजलाय. मास्टरमोशायांचं नाव खात्यावरून त्यानेच काढलं, त्यांच्या आवाजातली ती सुरुवात सगळ्या पुस्तकांना पुन्हा जोडून झाल्यावर.

यंदा विश्वकर्मा पूजेला टॉलीगंजच्या डब्याला हार घातला. मी बजावलं, "पाकळ्या पंख्यात जाता कामा नयेत." डबा चालूच ठेवला होता, कारण सहामाही परीक्षा जवळ होत्या आणि आसपासची मुलं त्यातूनच पुस्तकं भरून घेत होती. रुक्साना पुढे आली.

"शुभादी, तुमचे बर्गी यातच आहेत ना? कुठल्या बाजूला?"

मी तिचा हात धरून डब्याच्या पाठीवर ठेवला. तिने तळवा सगळीकडे फिरवून बघितला.

"गरम आहे," ती म्हणाली.

मागून तापस म्हणाला, "म्हणजे कुणीतरी आत्ता अभ्यास करतंय."